मानेवरचे तपकिरी ओघळ

«काकू, मी खानापूर तालुक्यातली. वय सत्तावीस, घरी शिवणकाम करते. ऑनलाइन दोन बाटल्या मागवल्या होत्या, एक बर्गामोट आणि एक लेमन इसेन्शियल ऑइल. व्हिडिओ बघून दोन चमचे खोबरेल तेलात बर्गामोटचे पंधरा आणि लेमनचे दहा थेंब घातले. आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघितलं, काही झालं नाही. मग शनिवारी सकाळी अंघोळ झाल्यावर मानेला, गळ्याला, हातांना लावलं आणि स्कूटरवरून कापड आणायला बेळगावला गेले. त्या दिवशी काही नाही. रविवारी रात्री मान जळजळायला लागली, सोमवारी लाल झाली, बारीक फोड आले. आता तीन आठवडे झाले. फोड गेले, पण कानामागून गळ्यापर्यंत तपकिरी ओघळ उमटलेत आणि हातावर पट्टे. सासूबाई म्हणतात तेल भेसळीचं असणार. शेजारच्या बायका दबक्या आवाजात विचारायल्यात, ‘नवऱ्यानं मारलं काय गं?’ मला तर घराबाहेर पडायला नको वाटतं. मे महिन्यात माझ्या भावाचं लग्न आहे. हे डाग जातील का? आई म्हणते लिंबू चोळ, मामी म्हणतात बावचीचं तेल लाव. आणि आमच्या बचत गटात लिंबाच्या तेलाचे साबण करतो आम्ही. ते बंद करू का?»

पोरी, आधी हे वाच. डाग जातील. लग्नापर्यंत पूर्ण जातील असं मी सांगणार नाही, कारण आपल्या सावळ्या कातडीवरचे असे डाग विरायला कित्येक आठवडे, कधी कधी महिने लागतात. पण जातील. आणि लिंबूही लावायचं नाही, बावचीही नाही. आईला आणि मामींना माझं नाव सांग. हवं तर हे पानच वाचून दाखव. दोघींनी मायेनंच सांगितलंय, पण ज्यानं मान भाजली तेच पुन्हा मानेवर घालायला सांगतायत.

सासूबाईंची शंका मला समजते, मात्र तुझं तेल भेसळीचं असायची गरजच नाही. अगदी अस्सल बर्गामोटनं हेच होतं. बर्गामोट हे लिंबाच्याच जातीचं एक फळ, मुख्यतः इटलीच्या दक्षिणेला कॅलाब्रियात पिकतं. अर्ल ग्रे चहाला जो वास असतो तो त्याचा. त्याच्या सालीत, आणि आपल्या लिंबाच्या सालीतसुद्धा, फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. सोरालेन आणि बर्गाप्टेन त्यातलीच. साल दाबून तेल काढलं की ती तेलात उतरतात. अंधारात ती निरुपद्रवी पडून असतात. कातडीत मुरल्यावर त्यांच्यावर उन्हातली अतिनील किरणं पडली, त्यातही लांब लहरींची, ३२० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातली, की मात्र ती जागी होतात आणि पेशींच्या आतल्या डीएनएला चिकटून बसतात. पेशी मरतात, कातडी लाल होते, फोड येतात आणि मग काळसर डाग राहतो. ही अॅलर्जी नाही. ॲलर्जी एखाद्याला होते, एखाद्याला होत नाही. हे मात्र पुरेसं तेल आणि पुरेसं ऊन मिळालं तर कुणालाही होतं. तुझी कातडी नाजूक आहे म्हणून झालं, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नको.

आता त्या दोन दिवसांच्या परीक्षेचं. तू शहाणपणानं वागलीस, आधी थोडं लावून बघितलंस. पण कुठे लावलंस? हाताच्या आतल्या बाजूला, बहुतेक बाहीखाली, घरात मशीनवर बसून. तिथं ऊन पोचलंच नाही. या परीक्षेत खाज किंवा ॲलर्जी कळते, उन्हाशी असलेलं वैर कळत नाही. हे त्या व्हिडिओतल्या बाईंनी सांगायला हवं होतं.

आणि उशिराचं कोडं. साधं ऊन लागलं तर संध्याकाळपर्यंत कातडी तापते, दुसऱ्या दिवशी सर्वात जास्त लाल असते. हा त्रास मात्र सावकाश चढतो. साधारण एका दिवसानं सुरू होतो आणि दोन-तीन दिवसांनी कळस गाठतो. तुझं शनिवारचं तेल सोमवारी फोडावर आलं ते म्हणूनच. मधे एक दिवस गेला की माणूस तेलाला विसरतो आणि रविवारच्या जेवणातल्या वांग्याला दोष देतो.

ओघळांचा आकार तर साक्षच आहे. अंघोळीनंतर ओलसर मानेवर पातळ तेल लावलंस, ते कानामागून खाली वाहिलं आणि जिथून वाहिलं तिथंच कातडी भाजली. युरोपात कोलोन वॉटर, म्हणजे बर्गामोट घातलेलं सुगंधी पाणी, लावणाऱ्यांच्या मानेवर असेच ओघळ उठायचे. १९१६ साली एका डॉक्टरांनी त्याची नोंद केली. पुढे १९२५ मध्ये त्या दुखण्याला गळ्यातल्या लोलकावरून नाव पडलं, कारण डाग लोलकासारखा लोंबता दिसतो. शंभर वर्षं होऊन गेली या माहितीला, आणि अजून ती तुझ्या बाटलीवर ठळक छापलेली नाही याचा मला राग येतो.

शेजारच्या बायकांच्या प्रश्नाबद्दल एक गोष्ट सांगते, कारण त्यांच्या जागी मीही एकदा होते. शहापुरात एका दवाखान्याला लागून असलेल्या औषध दुकानात मी फार्मासिस्ट होते तेव्हाची. एप्रिलमध्ये एक बाई चार वर्षांचं पोर घेऊन काउंटरला आली. पोराच्या उघड्या पाठीवर पाच बोटं उमटलेली. तपकिरी, स्पष्ट, अंगठा एका बाजूला आणि चार बोटं दुसऱ्या बाजूला. दंडावर आणखी एक पंजा. ती म्हणत होती, ‘कुणी हात लावला नाही हो, खेळायलाय नुसता.’ मी काही बोलले नाही, पण तिच्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती तिला कळली. त्वचेच्या डॉक्टरांनी तिला एकच विचारलं, ‘घरात लिंबं कुणी पिळली?’ तर गावची यात्रा होती. मांडवात सरबताला हिनं सकाळपासून टोपलीभर लिंबं पिळली होती. पोर उघडंच धावत आलं, हिनं तशाच हातांनी उचलून कडेवर घेतलं, मग ते दुपारभर उन्हात हुंदडलं. चिठ्ठी घेऊन परत आली तेव्हा हे सांगता सांगता ती बाई रडायला लागली. चार दिवस सासर-माहेर दोन्हीकडून तिला बोलणी बसली होती. मी तिची माफी मागितली. तेव्हापासून असा डाग दिसला की मी आधी लिंबाचं विचारते.

तेव्हा तुझ्या यजमानांना हे वाचायला दे. आणि शेजारणी विचारतील तेव्हा मान झाकू नको, सरळ सांग की लिंबाच्या सालीचं तेल लावून उन्हात गेले. त्यातल्या एखादीच्या घरात तीच बाटली असेल.

आता हिशोब, कारण तू कापड मापून कापणारी आहेस, तुला माप कळतं. साधारण वीस थेंबांचं एक मिली होतं आणि एक चहाचा चमचा म्हणजे पाच मिली. तू दहा मिली खोबरेलात बर्गामोटचे पंधरा थेंब घातलेस, म्हणजे पाऊण मिली. ते झालं जवळपास सात टक्के. अंगावर राहणाऱ्या आणि ऊन लागणाऱ्या तेलात बर्गामोटची सुरक्षित मर्यादा आहे ०.४ टक्के. तू सतरा-अठरा पट गेलीस. दाबून काढलेल्या लेमनची मर्यादा २ टक्के, तुझं झालं साडेचार-पाच. त्यातून दोन्ही एकत्र, म्हणजे भार आणखी वाढला. ०.४ टक्के म्हणजे किती ते डोळ्यासमोर आण: शंभर मिलीच्या खोबरेलाच्या आख्ख्या बाटलीत आठ थेंब. तेवढ्यात वाससुद्धा धड येत नाही. म्हणून माझं सांगणं असं की मान, चेहरा, हात अशा उघड्या जागांना बर्गामोट लावूच नये. हिशोब चुकायला एक थेंब पुरतो.

बाकीच्यांमध्ये दाबून काढलेल्या हिरव्या लाइमची मर्यादा ०.७ टक्के, कडू संत्र्याची १.२५, ग्रेपफ्रूटची ४. अँजेलिकाच्या मुळाचं तेल ०.८. आणि दोन नावं आपल्या ओळखीची आहेत म्हणून मुद्दाम सांगते. जिऱ्याचं इसेन्शियल ऑइल बर्गामोटइतकंच उन्हाला वाईट आहे, ०.४ टक्के. फोडणीतल्या जिऱ्याला काही दोष नाही हो, मी बाटलीतल्या तेलाचं बोलते. आणि टॅजेटीस म्हणजे झेंडूचं तेल तर ०.०१ टक्क्याच्या वर चालत नाही, म्हणजे ते घरी आणूच नये.

बाटलीवर काय बघायचं? ‘कोल्ड प्रेस्ड’ किंवा ‘एक्सप्रेस्ड’ असं असेल तर ते सालीतून दाबून काढलेलं, त्याला उन्हापासून लांब ठेवायचं. ‘स्टीम डिस्टिल्ड’ असेल तर वाफेवर काढलेलं. फ्युरोकुमरिन जड असतात, वाफेबरोबर वर येत नाहीत, म्हणून वाफेवरचं लेमन किंवा लाइम या बाबतीत चालतं. बर्गामोटवर ‘एफसीएफ’ किंवा ‘बर्गाप्टेन फ्री’ लिहिलेलं असेल तर त्यातलं ते द्रव्य काढून टाकलेलं असतं. काहीच लिहिलेलं नसेल तर कोल्ड प्रेस्ड धरून चाल. गोड संत्र्याचं तेल दाबून काढलेलं असलं तरी उन्हात असा त्रास देत नाही. लॅव्हेंडर, टी ट्री, निलगिरी, पुदिना, गवती चहा यांनीही हे ओघळ उठत नाहीत. गवती चहाला लिंबाचा वास येतो म्हणून त्याला घाबरायला नको, पण ते तेल वेगळ्या कारणानं झोंबतं, तेही ०.७ टक्क्याच्या आतच. यातलं कुठलंही तेल निव्वळ, खोबरेलाशिवाय कातडीला लावायचं नाही. अंगाला लावायचं तर गवती चहा सोडून बाकीच्यांचं एक टक्का, म्हणजे शंभर मिलीत वीस थेंब, भरपूर झालं. बाटली घट्ट बंद, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवायची. वर्षानुवर्षं उघडझाप केलेलं तेल हवेनं बिघडतं आणि मग त्यानं खरी ॲलर्जी होते, जी आयुष्यभर पिच्छा सोडत नाही.

वेळेचं माप बारा तासांचं. दाबून काढलेलं लिंबूवर्गीय तेल कातडीला लावलं की निदान बारा तास त्या जागेला ऊन दाखवायचं नाही. रात्री नऊला लावून सकाळी आठला स्कूटर काढलीस तर अकराच तास झाले. वरून सनस्क्रीन लावलं म्हणून सूट मिळत नाही. अंगभर कपड्याखाली राहणारी जागा असेल तर गोष्ट वेगळी.

इथं आपल्या भागाचं एक सांगायलाच हवं. बेळगाव उंचावर, साधारण अडीच हजार फुटांवर, आणि वारं गार. खानापूरकडे तर झाडी. त्यामुळं आपल्याला ऊन लागतच नाही असं वाटतं. पुण्या-सोलापूरचे पाहुणे येऊन म्हणतात, काय थंड हवा आहे तुमची! पण जी किरणं तुला भाजून गेली त्यांना ऊब नसते. गार वाऱ्यात ती तितकीच असतात. स्कूटरवर पाऊण तास वारं लागत होतं म्हणून तुला मान तापल्याचं कळलंही नाही. मेच्या सुरुवातीला आपल्याकडे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, पायाखालची सावली पायातच राहते. आपला खरा मध्यान्ह घड्याळात बाराला नाही, साडेबाराच्या सुमारास होतो, तेव्हा दोन वाजले की ऊन उतरलं असं समजू नको. सोपी खूण म्हणजे सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तर अतिनील किरणं जोरात आहेत. जूनमध्ये ढग आले की सुटलो, असंही नाही. ही लांब लहरींची किरणं ढगातून येतात आणि बसच्या खिडकीच्या काचेतूनही येतात.

बावचीबद्दल मामींना समजावून सांगायला हवं, कारण त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. बावची कोडावर देतात, फार जुना उपाय आहे तो. सोरालेन हे नावच बावचीच्या शास्त्रीय नावावरून पडलंय, सोरालिया. कोडाच्या पांढऱ्या डागाला रंग आणायला बावची लावून ऊन देतात, म्हणजे तुझ्या मानेवर जे चुकून झालं तेच तिथं मुद्दाम, मोजून करतात. इजिप्तमध्ये अशाच एका वनस्पतीचा अभ्यास १९४० च्या दशकात झाला आणि १९७० च्या दशकापासून त्वचा विभागात सोरालेनचं औषध देऊन दिव्याखाली मिनिटं मोजून उभं करतात. जे डाग उजळायचेत त्यांच्यावर रंग वाढवणारं औषध लावलं तर काय होईल ते मामींनाच विचार. रविवार पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातून बावचीचं तेल आणून कोडावर सुद्धा कुणी परस्पर लावू नये. पाऊल-पाऊलभर फोड घेऊन आलेली माणसं मी पाहिलीत.

आता काय करायचं. फोड येत होते तेव्हा गार पाण्याची ओली घडी, फोड न फोडणं आणि डॉक्टर, एवढंच करायचं होतं. ती वेळ गेली. राहिला आहे तो रंग. त्याला सर्वात मोठं औषध म्हणजे त्यावर पुन्हा ऊन पडू न देणं. बाहेर पडताना सुती ओढणी मानेभोवती दुहेरी घे, पूर्ण बाह्यांचा ब्लाउज किंवा स्कूटरवर घालायचे हातमोजे. तू शिवतेसच, मानेपर्यंत येणारा एक सुती स्कार्फ शिवून घे. जिथं कपडा पोचत नाही तिथं एसपीएफ ३० किंवा जास्त आणि ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं सनस्क्रीन, दर दोन तासांनी पुन्हा. घासायचं नाही, स्क्रब नाही, बेसन-मीठ नाही. साधं खोबरेल, वासाशिवायचं, रात्री लावलंस तर चालेल.

एका गोष्टीवर मात्र मी फार निक्षून सांगते. लग्न जवळ आलं की कुणीतरी तुला एक छोटी ट्यूब आणून देईल, ‘आठ दिवसांत उजळतं’ म्हणून. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, सोबत रंग उतरवणारं औषध. पहिले पंधरा दिवस जादू वाटते. नंतर कातडी कागदासारखी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, पुटकुळ्या येतात, आणि ट्यूब सोडली की चेहरा आग होतो. ती औषधं वाईट नाहीत, डॉक्टरांनी जागा आणि दिवस ठरवून द्यायची आहेत. चिठ्ठीशिवाय काउंटरवर मागणाऱ्या बायकांना मी परत पाठवायचे. त्या पुढच्या दुकानात जायच्या, ते मला दिसायचं.

म्हणून एकदा त्वचेच्या डॉक्टरांकडे जाऊनच ये. खानापूरच्या सरकारी दवाखान्यातून बेळगावच्या जिल्हा रुग्णालयाच्या त्वचा विभागात चिठ्ठी मिळेल. जाताना दोन्ही बाटल्या घेऊन जा. डॉक्टर कन्नडच बोलणारे असले आणि तुला सांगायला अडलं तर एवढं वाक्य पुरेल, ‘निंबेहण्णिन एण्णे हच्चिकोंडु बिसिलिगे होगिद्दे’, लिंबाचं तेल लावून उन्हात गेले होते. ऐकल्या ऐकल्या त्यांना कळेल. तू दुसरी काही गोळी घेत असशील तर तीही सांग. डॉक्सिसायक्लिनसारख्या काही गोळ्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या कातडीला उन्हात हळवी करतात. डाग खोल गेला असेल, चिघळत असेल किंवा ताप आला तर लग्नाची वाट बघू नको, त्याच दिवशी जा.

राहिला बचत गटाचा साबण. तो या कारणानं बंद करायची गरज नाही. साबण अंगावर मिनिटभर असतो आणि पाण्याबरोबर जातो, म्हणून धुऊन जाणाऱ्या वस्तूंना लिंबूवर्गीय तेलांच्या वर सांगितलेल्या मर्यादा लागू होत नाहीत. पण तुमच्यापैकी कुणी उन्हाळ्यासाठी लिंबाच्या वासाचं अंगाचं तेल, रोल-ऑन किंवा बॉडी मिस्ट काढायचं म्हणत असेल तर थांबवा, किंवा वाफेवरचं लेमन नाहीतर गोड संत्रं वापरा. आणि साबण करणाऱ्या हातांचं बघा. तेल मोजताना, साली किसताना हातमोजे घाला, काम झालं की कोपरापर्यंत साबणानं धुवा, मगच बाहेर या किंवा पोराला उचला. विकायचं म्हणजे परवानाही लागतो, साबण हा सौंदर्यप्रसाधनात धरतात आणि २०२० चे कॉस्मेटिक्स रूल्स त्याला लागू आहेत. गटाच्या बैठकीत हा विषय घ्या, मनावर घेतलंत तर जड नाही.

आणि भावाच्या लग्नात हळद मांडवात, उघड्यावर, सकाळच्या उन्हात लागणार. हळदीला भिऊ नको, तेलात कालवलेली साधी हळद चालेल. पण करवल्यांपैकी कुणीतरी रंग खुलतो म्हणून त्यात लिंबू पिळतं. नवरा-नवरीपासून पोराटोरांपर्यंत सगळ्यांच्या गालाला तीच हळद लागते आणि मग सगळे दिवसभर उन्हात असतात. आईला आत्ताच सांगून ठेव, हळदीच्या वाटीत लिंबू नको.